संपलं, तुटलं की अडकलं?

भाच्या, वाड्यामागच्या शेडात पिंजराच्या गंजीआड तुझ्या आजोबांची फियाट बावीस वर्षं उभी होती. १९६८ सालची डिलाइट. ती तू बाहेर काढलीस, धुतलीस, रंगवलीससुद्धा, याचा मला फार आनंद आहे. पण काल तुझ्या बाकड्यावर नवी कॉइल, नवे प्लग, दोन कंडेन्सर, नवा पेट्रोल पंप असा ढीग बघितला आणि गाडी अजून सुरू नाही हे कळलं, तेव्हा म्हटलं, याच्याजवळ बसून चार गोष्टी सांगायलाच पाहिजेत. बस इथं. चहा येईल.

माझे वडील, म्हणजे तुझ्या आईकडचे आजोबा, बेळगावच्या वडगावातच यंत्रमागाचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग लावून द्यायचे. त्यांनी गाडी कधी दुरुस्त केली नाही, पण गाडीचं सगळ्यात मोठं शिक्षण मला त्यांनीच दिलं. माग थांबला की विणणारा घाबरून आधी काहीतरी बदलायला जायचा. वडील त्याचा हात धरायचे आणि विचारायचे, "संपलंय, तुटलंय की अडकलंय?" कांडीवरचा दोरा संपला असेल, ताण्यातला धागा तुटला असेल, नाहीतर धोटा अडकला असेल. उत्तर मिळेपर्यंत पाना उचलायचा नाही. मागाच्या खांबावर ते खडूनं तारीख टाकून एकच अक्षर लिहायचे: सं, तु किंवा अ.

गाडीलाही हेच तीन प्रश्न पुरतात. बॅटरीतला करंट, टाकीतलं पेट्रोल, इंजिनातलं ऑइल, हे संपतं. वायर, पट्टा, डायफ्राम, हे तुटतं. गंज, मळ, रंग, सुकलेलं रबर यांच्यामुळे करंट, पेट्रोल, पाणी किंवा ब्रेकचा दाब अडकतो. आणि हे नीट ध्यानात ठेव: चालून चालून थकलेली गाडी झिजलेली असते, उभी राहून बिघडलेली गाडी अडकलेली असते. तुझी गाडी दुसऱ्या जातीची आहे. तिला नवे पार्ट कमी आणि मोकळी वाट जास्त लागणार आहे.

पहिल्या दिवशी चावी लावायची नाही

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी जोडून थेट सेल्फ मारणं म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला राजहंसगडावर पळवणं. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पापुद्रा असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. जोर लावलास की रिंग तुटते, म्हणजे 'अडकलं'चं 'तुटलं' तूच करून घेतोस.

चारही प्लग काढ. प्रत्येक भोकातून अर्धं इंजिन ऑइल, अर्धं डिझेल असं दोन-दोन चमचे सोड आणि तीन-चार दिवस विसरून जा. मग टॉप गिअर टाकून गाडी हातानं मागं-पुढं हलव. पुली फिरली की समजायचं, इंजिन सुटलं. नाही फिरली तर परत तेल, परत थांब. ऑइल बदलून, प्लग बाहेरच ठेवून सेल्फवर थोडं थोडं फिरव. ऑइलचा दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं. त्यानंतर प्लग बसवायचे.

शेडात पिंजर होतं म्हणजे उंदीर होतेच. एअर क्लीनरचा डबा, सायलेन्सरचं तोंड, सीटखाली आणि डॅशबोर्डमागं हात घालून बघ. उंदीर वायरीचं नुसतं वरचं आवरण खातो, आतली तार शाबूत दिसते, आणि तीच पुढं बॉडीला टेकून जळते.

करंट बॅटरीतून निघतो तसा बॅटरीकडे परतही येतो

नवशिका वायरमन करंट जाण्याची वाट तपासतो, येण्याची विसरतो. आपल्या फियाटला परतीची वाट म्हणजे गाडीची पत्र्याची बॉडी. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला, बॉडीवरून एक जाड पट्टी इंजिनला. आपण त्याला अर्थ म्हणतो.

आता तू काय केलंस? गाडी पूर्ण घासून, प्रायमर मारून, सुंदर रंगवलीस. प्रत्येक बोल्टाखाली रंग गेला, आणि रंगातून करंट जात नाही. त्यामुळे उजवा इंडिकेटर दिला की पार्किंगचे दिवे मिणमिणतात, हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा हलतो, हॉर्न दाबला की दिवे मंद होतात. एक लावावं आणि दुसरंच हलावं, असं दिसलं की बहुतेक वेळा अर्थ गेलेला असतो. करंटला स्वतःची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या दिव्यातून वाट काढतो.

अर्थाची प्रत्येक जागा उघड. अर्थ जिथं टेकतो तेवढाच रंग पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा चकचकीत कर, दातेरी वॉशर घाल, बोल्ट आवळ आणि वरून व्हॅसलीन लाव म्हणजे आपल्या पावसात गंज चढणार नाही. इंजिनाची पट्टी विसरलास तर एक भयंकर गोष्ट होते. सेल्फचा प्रचंड करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून परत जातो. केबल तापते, आतलं आवरण वितळतं आणि दुसऱ्या दिवशी चोक जागेवरून हलत नाही. माणूस केबल बदलतो, आठवड्यात तीही जळते. सेल्फ मारल्यावर कुठली केबल गरम लागली तर आधी पट्टी बघायची.

मीटर कसा धरायचा तेही सांगतो. पूर्ण चार्ज झालेली, रात्रभर शांत ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ दाखवली तर ती जवळपास रिकामी समज. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली घसरली तर बॅटरी थकलीय, नाहीतर सेल्फ जड फिरतोय. इंजिन थोडं रेस केल्यावर १४ च्या जवळ आली पाहिजे. नाही आली तर डायनामोचा पट्टा, मग ब्रश, मग कटाउट, या क्रमानं जा. वर्षानुवर्षं न फिरलेल्या डायनामोतलं मूळचं चुंबकत्व कधी कधी निघून जातं. तो बिघडलेला नसतो, त्याला एकदा जाणकाराकडून जागं करून घ्यायचं असतं.

आता खरी चाचणी. कॉइलची मधली जाड वायर काढून बॉडीला टेकव, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेव आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की परतीच्या वाटेत अडथळा आहे. दोन्ही पिना एकेक सांधा पुढं सरकवत जा, अडथळा सापडतो. मीटर नुसता लावून, काहीही चालू न करता घेतलेलं माप फसवतं. केसाएवढी एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. सेल्फ फिरू दे, दिवा जळू दे, मग मोज. दोरा ओढल्याशिवाय त्याचा कच्चेपणा कळत नाही.

फ्यूजचंही असंच. या गाडीचे फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते असतात. टोकांवर पांढरट थर चढतो, फ्यूज जळलेला नसतो तरी करंट अडतो. बोटानं दोनदा गोल फिरवला तरी वाट मोकळी होते. आणि फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी कधी लावू नकोस. फ्यूज जळतो म्हणून गाडी वाचते.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर चावी बंद कर, दारं लाव, निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये साधा टेस्ट लॅम्प धर. लॅम्प पेटला तर कुठंतरी करंट झिरपतोय. एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर लॅम्प विझला, त्या फ्यूजच्या वाटेवर चोर आहे.

ठिणगी बघितल्याशिवाय कॉइल बदलायची नाही

इंजिनाला योग्य वेळी ठिणगी, योग्य मिश्रण आणि सिलिंडरात दाब लागतो. तिन्ही एकदम तपासायला गेलास की गोंधळ होतो. आधी ठिणगी.

टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लाव, दुसरं टोक बॉडीला, आणि सेल्फ मार. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, बहुतेक वेळा तोंडावर गंज किंवा तेलाचा थर असतो. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंट आलेला नाही, पॉइंट मिटून बसलेत, नाहीतर कंडेन्सर आतून बॉडीला टेकलाय. एका लहान दिव्यानं एवढं कळतं, आणि तू तीन पार्ट विकत आणलेस.

पॉइंटची तोंडं बारीक पेपरनं साफ कर, कोऱ्या कागदानं पूस, मग फिलर गेजनं ०.४ मिलिमीटरच्या आसपास गॅप धर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. पॉइंट उघडताना निळी ठिणगी जोरात उडत असेल तर कंडेन्सर गेला. पण नवा घातला म्हणजे चांगलाच असेल असं धरू नकोस. जुना चालत होता तर तो डिकीत जपून ठेव. प्लगच्या वायरी फियाटच्या क्रमानं, १-३-४-२ अशा आहेत का, तेही बघून घे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन मिसिंग मारतं, कार्बोरेटरमधून भडका देतं, आणि माणूस कार्बोरेटर उघडून बसतो.

आषाढात मंगाईच्या यात्रेच्या सुमाराला आपल्याकडे हवा ओलीचिंब असते. तेव्हा सकाळी गाडी सुरू झाली नाही तर आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून कोरड्या फडक्यानं आतून पूस. झाकणाला केसाएवढी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे, ठिणगी तिथूनच पळते.

तवंदीच्या घाटातला धडा

मी तुझ्याएवढा असताना कोल्हापूरहून परतत होतो. निपाणी मागं टाकली आणि तवंदीच्या घाटात गाडी आचके देत बंद पडली. दहा मिनिटांनी सुरू, दोन किलोमीटरवर परत बंद. मी रस्त्याच्या कडेला कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पंपावर ओलं फडकं घातलं. शेवटी एका म्हाताऱ्या ट्रकवाल्यानं थांबून काही न बोलता पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत शिरली. झाकणाचं बारीक छिद्र मळानं बुजलं होतं. पेट्रोल जात होतं, त्याच्या जागी हवा येत नव्हती, म्हणून टाकीतच ओढ बसून पेट्रोल अडकलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा: गाडी तापून बंद पडली की गार व्हायच्या आत दोन गोष्टी बघायच्या, ठिणगी आहे का आणि पेट्रोल येतंय का. गार झाल्यावर दोन्ही असतात, मग कारण कधीच सापडत नाही. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून मान टाकतोय. पेट्रोल नसेल तर झाकण उघड, मग फिल्टर, मग पाइप, मग पंप.

बावीस वर्षांचं पेट्रोल काढून टाक. टाकी उतरव, आतला गंज धुवून घे. आणि पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंगची ज्योत नेऊ देऊ नकोस, रिकामी दिसली तरी आतली वाफ पेटते. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, वीस टक्क्यांपर्यंत. जुनी रबरी नळी आणि पंपाचा डायफ्राम त्यानं मऊ होतात, फुगतात. तेवढ्या गोष्टी मात्र नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घाल. जिथं खरंच 'तुटणार' आहे तिथं पैसे घालायला कचरायचं नाही.

कान आणि डोळे

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी. वरून टिकटिक आली तर टॅपेट. खालून जड ठोका आला तर बेअरिंग. इंजिन चालू असताना इन्सुलेटेड पकडीनं एकेका प्लगची टोपी काढून बघ. ज्या सिलिंडरची काढल्यावर ठोका कमी झाला, त्याच्याच बेअरिंगचा तो आवाज. पाण्याचा पंप, डायनामो यांचा आवाज वाटला तर क्षणभर पट्टा काढून चालवून बघ, दहा सेकंदांत उत्तर मिळतं.

धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर सिलिंडरात पाणी शिरतंय. मात्र उभ्या गाडीचा पहिल्या दिवसाचा निळा धूर बघून इंजिन खोलू नकोस. आपणच आत तेल घातलंय. दोनशे किलोमीटर चालव, चिकटलेल्या रिंगा सुटतात, मग ठरव.

गाडी तापत असेल तर बंद करून रेडिएटरच्या जाळीवरून अंदाजानं हात फिरव. गरम जाळीत मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. झाकण मात्र गार झाल्याशिवाय उघडायचं नाही, माझ्या मनगटावरचा डाग तू लहानपणापासून बघतोयस.

चालण्याआधी थांबता आलं पाहिजे

तुझ्या घाईत ही गोष्ट मागं राहील, म्हणून जोर देऊन सांगतो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि आजच्या गाड्यांसारखी दुहेरी ब्रेक लाइन नाही. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. रबराच्या सगळ्या नळ्या, सगळे वॉशर नवे घाल आणि ब्रेक ऑइलच घाल. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात गेला तर रबर फुगून बसतं.

ब्रेक सोडल्यावर एखादं चाक जाम राहिलं तर त्या चाकाची ब्लीडिंगची निपल सैल कर. चाक सुटलं तर दाब नळीत अडकलाय. जुनी नळी आतून फुगते, ऑइल जाऊ देते, परत येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक जामच असेल तर व्हील सिलिंडर किंवा ब्रेक शू गंजलाय. आणि गाडीखाली जायचं तर जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंना स्टँड पाहिजेत. हे काम मी समोर असतानाच कर.

पार्ट मिळत नाही असं म्हणायचं नाही

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनल्या. हीच गाडी पुढं पद्मिनी झाली, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. इतकी वर्षं हजारोंनी धावल्यामुळे कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून बरंच सापडतं. जे सापडणार नाही ते इथं घडवून घ्यायचं. गिअरच्या दांड्याचे बुश झिजले म्हणून गिअर अडकतो, असे बुश उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही चांगला लेथवाला नमुन्यावरून अर्ध्या दिवसात करून देईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगर घडवला. यंत्र उघडून, समजून, हातानं नवं करायचं हे या मातीतलं ज्ञान आहे. नमुना म्हणून जुना, तुटका पार्ट मात्र फेकू नकोस.

कागदांचंही बघ. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. पण तशी नोंदणी केली की प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांनीच गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. म्हणून आधी घरात बसून ठरवा, गाडी कशासाठी ठेवायची.

एका वेळी एकच

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि चालवून बघ. तीन गोष्टी बदलल्यावर गाडी सुरू झाली तर ती कशामुळे झाली हे तुला कळत नाही, आणि न कळलेला बिघाड घाटात परत भेटतो. वायर काढण्याआधी फोटो काढ, दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर एकच आकडा लिही. कामाला बसताना बॅटरीची अर्थाची वायर पहिल्यांदा काढायची, सगळ्यात शेवटी जोडायची.

आणि एक वही कर, गाडीतच ठेव. तारीख, गाडी काय करत होती, मला आधी काय वाटलं, शेवटी काय निघालं, एवढ्या चार गोष्टी लिही. तिसरी गोष्ट गाळू नकोस, पुढं कुणी वाचेल तेव्हा त्याला तीच जास्त उपयोगी पडेल. ओळीच्या सुरुवातीला माझ्या वडिलांसारखं एक अक्षर टाक. वर्षभरानं पानं चाळलीस की दिसेल, 'सं' थोडे आहेत, 'तु' त्याहून थोडे, आणि 'अ'नी वही भरलीय. त्या दिवसापासून तुझा हात पार्टाच्या दुकानाकडे जाण्याआधी सांध्याकडे जाईल.

चल, ऊठ आता. टेस्ट लॅम्प घे. इंजिनाच्या अर्थाच्या पट्टीपासून सुरुवात करू, तिथं रंगाचा थर मी काल येतानाच बघितलाय.